अनुबोधपट : पाहणारी आणि पाहिलेली



अणदूरला बोलायला उभे राहताना मनात थोडा संकोच आहे. ज्या गावाचा देवसुद्धा लेखी कराराने येतो आणि जातो, त्या गावापुढे शब्द जपून वापरावे लागतात. आपला खंडोबा वर्षातले दहा महिन्यांहून अधिक दिवस आपल्याकडे असतो आणि दोन महिन्यांच्या आतबाहेर नळदुर्गला जातो. तो नेताना आणि आणताना दोन्ही गावांचे मानकरी कागद करतात. बाहेरगावच्या माणसाला याचे नवल वाटते. देव तो देव, त्याला करार कशाला? मला मात्र त्यात फार शहाणपण दिसते. मौल्यवान वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात जाते तेव्हा ती कधी परत येणार, हे आधीच ठरलेले बरे. आजच्या माझ्या विषयाचा गाभा या एवढ्या गोष्टीत आहे. तो कसा, ते पुढे सांगते.

विषय आहे स्त्रियांनी दिग्दर्शित केलेल्या अनुबोधपटांचा. तो जाहीर झाल्यावर माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी काळजीने विचारले, "असे असून असून किती असणार? तुमचे भाषण दहा मिनिटांत आटोपेल." त्यांची काळजी खोटी नव्हती. आपल्यापैकी बहुतेकांनी असा एकही पट पाहिलेला नसेल. पण न पाहिलेली वस्तू नसतेच असे नाही. निजामाच्या राज्यात आपल्या जिल्ह्याने मराठी शाळासुद्धा फारशा पाहिल्या नव्हत्या. म्हणून मराठी भाषा नव्हती असे कोणी म्हटले नाही.

अनुबोधपट म्हणजे काय, ते ज्येष्ठ मंडळींना सांगायला नको. १९४८ साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन काढले. पुढे कित्येक वर्षे चित्रपटगृहात मूळ चित्रापूर्वी त्याची छोटी चित्रे दाखवली जात. धरण, खताचा कारखाना, पूरग्रस्तांना मदत, लहान कुटुंबाचे सुख. आपण त्या वेळात शेंगा फोडत असू. त्या चित्रांतून एक आवाज यायचा, भारदस्त आणि पुरुषाचा. पडद्यावर शेतकरी दिसे, पण बोले तो आवाज. पडद्यावर बाई चुलीपुढे बसलेली दिसे, आणि तिने किती मुले होऊ द्यावीत हेही तोच आवाज सांगे. आज माहितीपट हा शब्द अधिक रूढ आहे. मला जुना शब्द आवडतो, कारण त्यात बोध आहे. मात्र तो बोध कोणी कोणाला करायचा, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही.

तो प्रश्न माझ्या मनात पहिल्यांदा आला तो पुस्तकातून नव्हे. २०१६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी येत होते, ते दिवस आपण विसरलेलो नाही. तेव्हा मी माझ्या मावशीकडे, याच तालुक्यातल्या एका लहान गावी गेले होते. गावात टँकर आला आणि त्याच्या मागोमाग एका वाहिनीची मोटार आली. मावशी पहाटेपासून रांगेत होती. तिने दोन हंडे भरून घेतले आणि ती घराकडे निघाली. चित्रण करणाऱ्या तरुणाने तिला थांबवले. मुलगा सभ्य होता, हे सांगितले पाहिजे. तो म्हणाला, "आजी, हंडे जरा रिकामे करा आणि पुन्हा तिकडून चालत या. रिकामा हंडा असला की चित्र बोलकं होतं." मावशीने त्याच्याकडे एकवार पाहिले आणि म्हणाली, "वतून टाकू व्हय? आन् मग परत कोण भरून देणार, तू?"

तो हिरमुसला. मग तो टँकरवर चढला आणि तिथून खाली कॅमेरा धरून त्याने सगळ्या बायकांचे एकच चित्र घेतले. रात्री ते दूरदर्शन संचावर दिसले. हंड्यांची गर्दी, पदरांची गर्दी, वरून दिसणारी डोकी. त्यात मावशी कोणती, हे मलाही ओळखता आले नाही. त्या मोटारीचे पाऊल पुन्हा त्या गावात पडले नाही.

मावशीचा प्रश्न पाण्यापुरता नव्हता. तुम्ही आमच्याकडून काही घेऊन जाता, ते परत कोण भरून देणार? मराठवाड्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा आपल्या आणि लातूरच्या गावांत जगभरचे कॅमेरे आले. दुष्काळ पडला की ते पुन्हा येतात. आपले दुःख चित्रात गेले, वर्तमानपत्रात गेले, पुरस्कारांच्या समारंभांत गेले. ते आपल्याकडे परत किती आले? देवाचा करार होतो, चित्राचा होत नाही.

स्त्रियांच्या अनुबोधपटांकडे मी या प्रश्नाच्या खिडकीतून पाहते. स्त्रीने काढले म्हणून चित्र चांगले, असे माझे म्हणणे नाही. स्त्रीने काढले म्हणून त्यात कोमलता येते, असले गुळचट मत तर मुळीच नाही. परंतु ज्यांना शतकानुशतके फक्त पाहिले गेले, त्यांच्यातल्या काहीजणी जेव्हा पाहू लागल्या, तेव्हा पाहणाऱ्याने पाहिलेल्याशी कसे वागावे हा प्रश्न त्यांना टाळता आला नाही. असे माझे निरीक्षण आहे. ते सर्वांना लागू पडत नाही, हेही मी पुढे सांगणार आहे.

सुरुवात अगदी पहिल्या 'पाहिल्या गेलेली'पासून करू. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये १९१३ साली तारामती झाले ते साळुंके नावाचे गृहस्थ, कारण कॅमेऱ्यापुढे उभे राहायला बाई मिळेना. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दोन स्त्रिया उभ्या राहिल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा वर्षांच्या आतबाहेरची मुलगी कमला मोहिनी झाली. याच पुढे कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. भारतीय पडद्यावर दिसलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. जवळजवळ ऐंशी वर्षांनी, पुण्याच्या चित्रपटसंस्थेत संकलन शिकलेल्या रीना मोहन कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी गेल्या आणि त्यांनी 'कमलाबाई' हा अनुबोधपट केला. तो १९९१ सालचा, आणि पहिल्या प्रयत्नासाठी असलेला राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

आता असा विचार करा, एखाद्या थोर नटीवरचा पट आपण कसा केला असता? मान्यवरांच्या आठवणी, जुनी छायाचित्रे, शेवटी हार. रीना मोहन यांनी एका म्हातारीचे घर दाखवले. पुण्यातली जागा, एकटी राहणारी, थकलेली पण जिभेची धार न गेलेली बाई. ती जुन्या नाटकांतले तुकडे मध्येच करून दाखवते. तिने पुरुषांच्याही भूमिका केल्या होत्या, त्यामुळे आवाज क्षणात बदलतो. बाकी वेळ ती हळूहळू वावरते. पाहताना जाणवते की ही बाई कॅमेऱ्याला घाबरत नाही. तिची आणि त्याची ओळख दिग्दर्शिकेपेक्षा जुनी आहे! तेरा वर्षांच्या मुलीला कोणी विचारले नसेल की तुला कसे दिसायचे आहे. त्याच बाईचे म्हातारपणी ऐकायला कोणी आले, आणि आले ते पुतळा बनवायला नाही. मला हा पट त्यासाठी महत्त्वाचा वाटतो.

कमलाबाईंच्या वाट्याला निदान नाव आले. ज्यांना नावही नाही त्यांचे काय? इथे आपल्याला १९८० सालाकडे जावे लागेल.

त्या वर्षी दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी 'युगांतर' नावाचा गट काढला. भारतात स्त्रीवादी विचाराने चित्रपट करणारा हा पहिला गट मानतात. कॅमेरा पुरुषाच्या हाती होता, हे मुद्दाम सांगते, नाहीतर आपण उगीच सोवळ्याओवळ्याच्या गोष्टी करू लागतो. कोणाच्या हाती यंत्र आहे यापेक्षा काय टिपायचे हे कोण ठरवतो, याला महत्त्व आहे. या गटाने तीनचार वर्षांत चार पट केले. त्यांतले पहिले दोन मराठीत आहेत. आपल्याला याचा पत्ता नसावा, हे आपले दुर्दैव.

पहिला 'मोलकरीण', १९८१ चा. पुण्याच्या घरकाम करणाऱ्या बायकांनी त्या सुमारास संप केला होता. सुशिक्षित पुण्याला मोठा धक्का बसला. भांडी घासणारी बाई संप करते म्हणजे काय? आठवड्याची सुट्टी मागते म्हणजे काय? त्यांची संघटना उभी राहिली आणि तिच्याबरोबर राहून हा पंचवीस मिनिटांचा पट झाला. १६ मिलिमीटरची फीत, थोडा पैसा, पण पडद्यावर बोलतात त्या बायका स्वतः. आठवा तो फिल्म्स डिव्हिजनचा आवाज! तो इथे नाही. जिच्या हाताला राख लागली आहे तीच आपला हिशेब सांगते. घरकाम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा व्हायला पुढे २००८ साल उजाडले. पटामुळे कायदा झाला असा भाबडा दावा मी करणार नाही. पण त्या बायका काय मागत होत्या याचा जिवंत पुरावा त्यात राहिला.

दुसरा पट निपाणीचा. यावर मी थोडी रेंगाळणार आहे. तो मला सर्वांत जवळचा आहे, आणि इथे बसलेल्या शेतकऱ्यांना त्याचे नाव ऐकताच कळेल. नाव आहे 'तंबाखू चाकीला ऊब आली'. रचून ठेवलेल्या तंबाखूला आतून ऊब धरते. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, हात घातला की चटका. ओल्या कडब्याची गंजी ज्याने उलगडली आहे त्याला आणखी सांगायला नको. कोणत्या साहित्यिकाला सुचले असते हे नाव? ते कामाच्या भाषेतून आलेले आहे.

निपाणी बेळगाव जिल्ह्यात, कर्नाटकात, पण बोली मराठी. तिथल्या तंबाखूच्या वखारींत हजारो बायका राबत. तंबाखू कुटणे, चाळणे, निवडणे. हवेत भुकटी, नाकातोंडाला पदर, दिवसभर खोकला. मजुरी तुटपुंजी, तासांना मर्यादा नाही, मालक-मुकादमाच्या नजरेचा आणि हाताचा जाच वेगळा. निपाणी म्हटले की आपल्याला १९८१ चे शरद जोशींचे तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन आठवते, गोळीबार आणि त्यात गेलेले शेतकरी आठवतात. ते आठवलेच पाहिजेत. पण त्याच गावात, त्याच तंबाखूत, वखारीच्या आत दुसरा लढा चालू होता, आणि तो लढत होत्या बायका. पिकवणाऱ्याचे नाव इतिहासात आले, कुटणारीचे राहिले.

'युगांतर'ची मंडळी तिथे चार महिने राहिली. चार महिने! टँकरमागून आलेली ती मोटार गावात तासभर होती, हे लक्षात घ्या. आधी ऐकले, मग चर्चा केली, मग चित्रण. काय टिपायचे, कसे टिपायचे, हे ठरवण्यात कामगार बायका पुढे होत्या. ज्या वखारींच्या आत तोवर कोणाचा कॅमेरा गेला नव्हता तिथले काम त्यांनी दाखवायला लावले. संघटना कशी बांधली, संप कसा ठरला, त्याचे काही प्रसंग त्यांनी स्वतः पुन्हा करून दाखवले. आणि पटाचे निवेदनही त्यांच्या सामुदायिक आवाजात आहे. १९८२ साली पट पुरा झाला.

कोणी कलासमीक्षक म्हणेल, प्रसंग पुन्हा करून दाखवले म्हणजे ते खरे कसे? प्रश्न योग्य आहे. माझ्या मावशीला हंडा रिकामा करायला सांगणे आणि निपाणीच्या बाईने संपाची बैठक पुन्हा करून दाखवणे, यात फरक काय? माझ्या मते फरक आहे आणि तो मोठा आहे. पहिल्यात दुसऱ्याला हवे ते आपण करायचे. दुसऱ्यात आपल्याला जे आठवते ते आपण सांगायचे. आपल्या गोंधळात भक्त देवाची कथा उभी करतात तेव्हा ती खोटी आहे असे आपण म्हणत नाही, कारण ती सांगणाऱ्याची स्वतःची असते.

हे पट तयार झाल्यावर ते प्रक्षेपक घेऊन बायकांच्या गटांत, वस्त्यांत दाखवले गेले. एका ठिकाणच्या बायका दुसरीकडच्या बायकांचे बोलणे ऐकत होत्या. चित्र परत आले, मुद्दलासह व्याज घेऊन आले. पुढे फिती जीर्ण झाल्या. बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेच्या साहाय्याने त्यांचे जतन झाले, म्हणून आज आपण ते पाहू शकतो. निपाणीच्या बाईचा आवाज जर्मनीत जपला गेला याचा आनंद मानावा की लाज बाळगावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला दोन्ही वाटते.

त्याच काळात पुण्यात सुमित्रा भावे याच प्रश्नाशी दुसऱ्या दिशेने झुंजत होत्या. त्या मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. झोपडपट्टीतल्या स्त्रियांचे संशोधन करता करता त्यांना वाटू लागले, की मी हे जे लिहिते ते या बायका कधीच वाचणार नाहीत, मग हे कोणासाठी? त्यातून १९८५ साली 'बाई' हा लघुपट आला. तो कथारूप आहे, काटेकोर अर्थाने अनुबोधपट नव्हे. पण त्याचे बीज 'परत देणे' हेच आहे. पुढची त्यांची चित्रे आपल्याला ठाऊक आहेतच. २०२१ मध्ये त्या गेल्या.

दीपा धनराज यांनी १९९१ साली 'समथिंग लाइक अ वॉर' हा पट केला. नावाचा अर्थ साधारण 'युद्धासारखे काहीतरी'. विषय कुटुंबनियोजन. इथल्या पन्नाशीपुढच्या भगिनींना शिबिरे आठवत असतील. लक्ष्य ठरलेले, रांगा, चादरी. या पटात एक शल्यचिकित्सक आपण किती वेगाने किती शस्त्रक्रिया केल्या ते अभिमानाने सांगतात आणि कॅमेरा शांतपणे ऐकत राहतो. मग दृश्य बदलते. खेड्यातल्या बायका वर्तुळात बसून आपल्या शरीराबद्दल, इच्छेबद्दल, मुलांबद्दल बोलत आहेत. हसत आहेत, एकमेकींना टोमणे मारत आहेत. एकीकडे आकडा, दुसरीकडे माणूस. संततिनियमन वाईट, असे हा पट म्हणत नाही. आपल्याच शकुंतलाबाई परांजप्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले, ते बाईच्या भल्यासाठीच. बाईला न विचारता तिच्या भल्याचे लक्ष्य ठरवणे, याला दीपाबाई युद्ध म्हणतात. शकुंतलाबाईंच्या कन्या सई परांजपे यांनीही अनुबोधपट केले, कॅप्टन लक्ष्मींवर केला. महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या बायकांनी दारूविरुद्ध उठाव केला, त्यावर 'चूडियाँ' केला. वेळेअभावी त्यांचा एवढाच उल्लेख करते, हा अन्याय आहे.

विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरचा दीपा भाटिया यांचा २००९ चा 'नीरोज गेस्ट्स' मात्र वगळता येत नाही. रोमच्या नीरोने मेजवानीत उजेड हवा म्हणून कैद्यांना जाळले, अशी कथा आहे. पत्रकार पी. साईनाथ विचारतात, नीरोचे सोडा, त्या मेजवानीला आलेले पाहुणे कोण होते? कोणाच्या शेजारी माणूस जळत असताना त्याने तोंडात घास घातला? हा पट पाहताना आपण प्रेक्षक राहत नाही, पाहुणे होतो. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न परका नाही, म्हणून तो अधिक सोसत नाही.

आता मघाशी दिलेला शब्द पाळते. स्त्रीने काढले म्हणजे करार पाळला, असे नाही. उत्तर प्रदेशात 'खबर लहरिया' नावाचे ग्रामीण स्त्रियांनी चालवलेले वृत्तमाध्यम आहे, दलित स्त्रियांचा त्यात पुढाकार आहे. त्यांच्यावर रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांनी 'रायटिंग विथ फायर' हा पट केला. तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. आणि मार्च २०२२ मध्ये, समारंभाच्या तोंडावर, 'खबर लहरिया'च्या बायकांनीच जाहीर केले, की यात आमचे चित्र अपुरे आहे. एकाच पक्षाच्या बातम्यांवर आमचा भर असल्यासारखे ते दिसते, आम्ही तशा नाही. मी तो पट वाईट म्हणणार नाही, त्यात ताकद आहे. पण ज्या स्वतः वार्ताहर आहेत, दुसऱ्यांची गोष्ट सांगणे हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांनाही आपली गोष्ट दुसऱ्याच्या हाती गेल्यावर ती ओळखू आली नाही. मग माझ्या मावशीची काय कथा? दिग्दर्शिका शहरातली, शिकलेली, इंग्रजी जाणणारी. ती बाई असली तरी टँकरवर चढू शकते.

यावर उपाय काय? एक उपाय फार लांब नाही. इथून, आपल्या गावावरून जाणाऱ्या याच हमरस्त्यावर आहे.

हा रस्ता सोलापूरहून येतो, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद करीत हैदराबादकडे जातो. वाटेत जहीराबाद लागते. तिथून जवळच पस्तापूर नावाचे खेडे आहे. पूर्वी मेदक जिल्हा, आता संगारेड्डी. त्यांची माती आपल्यासारखी, ज्वारी आपल्यासारखी, आणि निजामाचे राज्यही आपल्यासारखेच भोगलेले. तिथे १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था काम करते. गावोगावी दलित शेतमजूर स्त्रियांचे 'संगम' आहेत, म्हणजे संघ. संस्थेचे पी. व्ही. सतीश मूळचे दूरदर्शनमधले. त्यांच्या पुढाकाराने, विसाव्या शतकाच्या शेवटी, या बायकांपैकी काहीजणी चलच्चित्रण शिकल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हते.

कोणी हसेल. निरक्षर बाईने कॅमेरा चालवायचा? अणदूरने तरी हसू नये. आपल्याच गावात डॉक्टर अहंकारी पतिपत्नींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन 'भारतवैद्य' केले, तेव्हाही हसणारे होतेच. हात शिकतो. अक्षर नंतर येते किंवा येतही नाही.

चित्रणशास्त्रात कॅमेऱ्याच्या उंचीला इंग्रजी नावे आहेत. पस्तापूरच्या बायकांना ती नावे लक्षात राहीनात, म्हणून त्यांनी आपली ठेवली. वरून खाली पाहणारे चित्र म्हणजे 'पटेल शॉट'. जमीनदार गढीवरून मजुराकडे पाहतो तसा. त्यात समोरचा माणूस लहान दिसतो. खालून वर पाहणारे चित्र म्हणजे 'गुलाम शॉट'. मजूर जमिनीवर बसून मालकाकडे मान वर करून पाहतो तसा. त्यात समोरचा अवाढव्य होतो. आणि डोळ्याला डोळा भिडवून, एका पातळीवरून घेतलेले चित्र म्हणजे 'संगम शॉट'. संघाच्या बैठकीत सगळ्या एका सतरंजीवर बसतात ना, तसा. आम्ही संगम शॉट घेतो, असे त्या सांगतात.

मी हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसले. चित्रपटकलेवर जाड जाड ग्रंथ आहेत. पण कॅमेऱ्याच्या उंचीत आपली सारी समाजरचना बसलेली आहे, हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितलेले मला माहीत नाही. आणि मला एकदम उमगले, की २०१६ च्या त्या टँकरवरून माझ्या मावशीचा जो फोटो घेतला गेला, त्याचे नाव काय होते. पटेल शॉट! तो मुलगा काही जमीनदार नव्हता. बिचारा नोकरदार होता. पण टँकरवर चढल्याबरोबर त्याच्या डोळ्यात पाटलाची गढी आली.

२००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. पस्तापूरच्या बायका वरंगळच्या कापूस शेतकऱ्यांकडे कॅमेरा घेऊन गेल्या. एकदा नव्हे, हंगामामागून हंगाम गेल्या. पेरणी, कीड, वेचणी, हिशेब. त्याच शेतकऱ्याला पुन्हा भेटायचे आणि विचारायचे, मागच्या वेळी तुम्ही आशेने बोलला होता, आता काय झाले? त्यातून २००३ पासून त्यांचे पट येत गेले. पुढे मालीत, दक्षिण आफ्रिकेत, इंडोनेशियातही त्यांनी शेतकऱ्यांशी बोलून चित्रण केले. त्यांचे निष्कर्ष बीटीच्या विरोधात होते. या बियाण्याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि इथल्या कापूसवाल्यांचीही आपली मते असतील. ते आपण व्याख्यानानंतर भांडू. मला महत्त्वाची वाटते ती पद्धत. शेतकऱ्याला विचारणारी स्वतः शेतात राबलेली. कपाशीचे बोंड हातात घेतल्यावर ती कुठे पाहील हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. आणि हंगाम संपला की ती परत येणार, हे त्या शेतकऱ्याला माहीत असते.

परत येणे. पुन्हा तोच शब्द आला.

आज इथल्या प्रत्येक घरात कॅमेरा आहे, भ्रमणध्वनीत. मुलींच्या हातातही आहे. त्यावर काय काढले जाते हे मी बोलणार नाही, ते आजच्या पिढीवर टीका केल्यासारखे होईल आणि तो माझा हेतू नाही. मी फक्त एक सुचवते. ऊसतोडीला निघालेल्या टोळीचे सामान बांधताना आई मुलीला काय सांगते, ते टोळीवाल्यांच्याच मुलीने टिपून ठेवावे. भारतवैद्य बाईचा एक दिवस तिच्याच सुनेने टिपावा. टिपावे, आणि पुढच्या वर्षी याच मांडवात आणून दाखवावे. ज्यांचे चित्र त्यांना आधी दाखवावे. त्या म्हणाल्या, हे काढून टाक, तर काढून टाकावे. कागद करायची सवय या गावाला आहेच.

मावशी २०१९ मध्ये गेली. तिचा एकही नीट फोटो आमच्याकडे नाही. आहे तो वरून घेतलेला, आणि त्यातही ती कोणती ते सांगता येत नाही.

अध्यक्षमहाराज, माझा वेळ संपत आला. चिटणीसांनी मघाशी विचारले, पडदा कशासाठी बांधायला सांगितलात? 'तंबाखू चाकीला ऊब आली' मी सोबत आणला आहे. अर्ध्या तासाहून लहान आहे. मराठी आहे, समजावून सांगावे लागणार नाही. पुढच्या रांगेत बसलेल्या मुलांनी जरा खाली सतरंजीवर बसावे, म्हणजे मागच्या बायकांना दिसेल. वीज आहे तोवर सुरू करू.